पाणी तोडायचं कधी, द्यायचं कधी

मार्च लागला की मुलुंड पूर्वेच्या जुन्या सोसायट्यांत दोन गोष्टींना बहर येतो : कंपाउंडच्या भिंतीवरच्या बोगनवेलीला आणि नोटीस बोर्डावरच्या ‘पाणी जपून वापरा’ छापाच्या कागदांना. आमच्याकडे बोगनवेल तळमजल्यावरच्या वहिनींची आणि कागद सेक्रेटरींचा. सेक्रेटरींना सगळी इमारत भाऊजी म्हणते, कारण वहिनी म्हणतात. वहिनी शाळेत जीवशास्त्र शिकवून निवृत्त झाल्या. माहेर वसईचं, फुलांच्या वाडीतलं. भाऊजी महापालिकेच्या पाणी खात्यातून दुय्यम अभियंता म्हणून निवृत्त झाले, मूळचे सांगोल्याचे. एकीनं लहानपणी बावखलावर रहाट ऐकला, दुसऱ्यानं १९७२च्या दुष्काळात आटलेल्या विहिरीच्या तळाशी बसून वाटीनं कळशी भरली. दोघांची सकाळी जिन्यासमोरच्या प्लास्टिकच्या खुर्च्यांवर जुंपते. मी बरोबर वर, पहिल्या मजल्यावर राहतो. त्यांचं बोलणं कानावर पडतं म्हणणं हा माझा विनय झाला. मी चहा घेऊन मुद्दाम खिडकीत बसतो.

भाऊजी : वहिनी, जून ते सप्टेंबर वरून दोन हजार मिलिमीटरच्या वर पाणी कोसळतं. तेव्हा तुमच्या बागेत काय असतं? पानं, शेवाळ आणि गोगलगायी. आणि ज्या आठ महिन्यांत थेंब पडत नाही, नेमकी तेव्हा तुम्हाला फुलं हवीत. हे निसर्गाच्या विरुद्ध नाही झालं?

वहिनी : निसर्गाला विचारून बघा ना. पावसाळ्यात आभाळ भरलेलं, ऊन कुठून मिळणार? उमललेल्या फुलातले परागकण धुऊन जातात, मधमाश्या बाहेर पडत नाहीत. झाडाच्या बाजूनं विचार करा. बी कधी पडायला हवं? पावसाच्या तोंडावर, म्हणजे पडल्या पडल्या रुजेल. मग फूल कधी यायला हवं? त्याच्या आधी दोन-चार महिने. नॅशनल पार्कात सावर बघितलीत? थंडी सरता सरता सगळी पानं टाकते आणि नुसत्या काट्यांच्या फांदीवर लाल फुलं. पानांची आडकाठी नाही, त्यामुळे मैना-बुलबुलांना लांबून दिसतात. एप्रिल-मेमध्ये तिचा कापूस उडतो आणि जूनमध्ये बी रुजतं. पळस, पांगारा, त्यांचाही हाच हिशेब. कोरड्या दिवसांत फुलणं ही आपल्या रानाची रीत आहे, माझी थेरं नाहीत.

भाऊजी : मान्य. पण त्या सावरीला कोणी महापालिकेचं पाणी घालत नाही.

वहिनी : माझ्या बोगनवेलीलाही नाही घालत. दिवाळीनंतर तिला मी हात धुतलेलं पाणीसुद्धा दिलेलं नाही.

भाऊजी : म्हणूनच तिला एवढी फुलं?

वहिनी : म्हणूनच. तिचं मूळ दक्षिण अमेरिकेतलं, कोरडा काळ ओळखणारं. अठराव्या शतकात फ्रेंच जहाजावरच्या मंडळींना ब्राझीलमध्ये सापडली आणि कप्तान बोगनव्हिल यांचं नाव तिला चिकटलं. पाणी आणि शेणखत घालत राहिलं तर ती नुसती वाढते, हिरवीगार, भिंतभर, आणि फूल एक नाही. पाणी तोडलं की वाढ थांबते, पानांत तयार झालेलं अन्न साठून राहतं आणि मग ती फुलावर येते. आणि ज्याला तुम्ही फूल म्हणता ना, इकडे या, हे बघा.

इथे वहिनींनी भिंतीवरचा एक घोस खाली ओढला. राणी रंगाची तीन पातळ, कागदासारखी पानं, त्यांवर शिरासुद्धा स्पष्ट. आणि प्रत्येक पानाच्या मधल्या शिरेला चिकटलेली एकेक बारीक नळी, टोकाला पांढऱ्या चांदणीएवढं तोंड. ते तोंड म्हणजे खरं फूल. बाकीचा सगळा थाट पानांचा. भाऊजींनी चष्मा कपाळावर चढवून ते नीट पाहिलं. मग म्हणाले,

भाऊजी : म्हणजे एवढी वर्षं आम्ही पानांचं कौतुक करत होतो. बरं, बोगनवेल सोडा. मोगऱ्याचं काय? रोज संध्याकाळी बादली घेऊन तुम्ही त्याच्याशी उभ्या असता, ते मला गॅलरीतून दिसतं.

वहिनी : आत्ता दिसतं. डिसेंबरमध्ये दिसत होते का मी? डिसेंबर लागला की मोगऱ्याचं पाणी बंद. जानेवारीत छाटायचा, उरलेली पानं ओरबाडून काढायची, बुंध्याभोवतीची माती उकरून मुळांना थोडं ऊन लागू द्यायचं. बघणाऱ्याला वाटतं बाई झाड मारायला निघाली. मग शेणखत घालायचं, माती ओढायची आणि भरपूर पाणी. मोगरा नव्या फुटीवर कळ्या धरतो. छाटला नाही तर नवी फूट नाही, फूट नाही तर कळी नाही.

भाऊजी : हे मला नका शिकवू, मी सांगोल्याचा. डाळिंबाला आम्ही हेच करतो. पाणी तोडायचं, झाड ताणावर सोडायचं, पानगळ झाली की छाटणी, खत, आणि मग ताण तोडायचा. जानेवारीत धरला तर आंबे बहार, जूनमध्ये मृग बहार, सप्टेंबरनंतर हस्त बहार. कोणता धरायचा ते विहिरीत पाणी किती आणि बाजारात भाव कधी, यावर ठरतं. पण एक सांगतो, आमच्याकडे फूल म्हणजे पुढचं फळ. नुसत्या फुलासाठी पाणी दिलेलं माझ्या वडिलांनी जन्मात पाहिलं नाही.

वहिनी : आणि माझ्या आईचं घर नुसत्या फुलांवर चाललं. वसईच्या वाडीत प्रत्येकाचं बावखल असायचं, जमिनीतलं गोडं पाणी धरून ठेवणारं. त्यावर रहाट, रहाटावर वाडी. पहाटे कळ्या खुडायच्या, टोपली डोक्यावर, विरार लोकल, दादर. मोगरा कळीतच खुडावा लागतो, उमलतो तो संध्याकाळी गिऱ्हाइकाच्या केसांत. फूल ही चैन आहे असं तुम्ही म्हणालात, की मला दादरच्या पुलाखाली बसलेल्या बायका दिसतात.

हा मुद्दा मला वजनदार वाटला. आपण फुलांना शोभेच्या खात्यात टाकून मोकळे होतो. पण दादरच्या फुलबाजारात पहाटे जी उलाढाल होते, तिच्यात वसईच्या सोनचाफ्यापासून जव्हार-विक्रमगडच्या आदिवासी शेतकऱ्यांनी लावलेल्या मोगऱ्यापर्यंत कितीतरी घरांची चूल असते. भाऊजींनी मात्र हा मुद्दा शिताफीनं फिरवून घेतला.

भाऊजी : तेच म्हणतो मी. विक्रमगडची बाई मोगरा लावते तेव्हा त्या पाण्याचे पैसे होतात, पोरांच्या फिया भरल्या जातात. तिच्याकडून गजरा विकत घ्या. तुमच्या कुंडीतला मोगरा कोणाची फी भरतो?

वहिनी : घेते की. गजरा तिचाच घेते, दर शुक्रवारी. पण देवाला वाहायला रोज दोन फुलं लागतात, आणि ती घरची हवीत. विकतचं फूल देवाला चालत नाही असं नाही. पण सकाळी उठून परडी घेऊन चार पावलं चालायचं, कोणाला कळी आली, कोणाला पिठ्या ढेकूण लागला ते बघायचं, यात माझी अर्धी पूजा होऊन जाते. ते विकत कुठे मिळतं?

भाऊजी : त्या अर्ध्या पूजेचं पाणी कुठून येतं ते एकदा बघून या. मी तानशावर नोकरी केली आहे. धरण १८९२चं, दगडी, देखणं. मुंबईला पाणी देणाऱ्या सात तलावांपैकी विहार आणि तुळशी तेवढे आपल्या हद्दीत. बाकीचं सगळं पाणी बाहेरचं. एकट्या भातसा धरणात आपल्या साठ्यातला निम्म्याच्या आसपास. भातसा शहापूर तालुक्यात, तानसा शहापूर तालुक्यात, मोडकसागरही तिथेच. आणि मे महिन्यात त्याच शहापूर तालुक्यातल्या पाड्यांवर टँकरची वाट बघत हंड्यांच्या रांगा लागतात. धरण उशाला, कोरड घशाला, ही म्हण मी तिथे रोज डोळ्यांनी पाहत होतो. आपण दिवसाला पावणेचार हजार दशलक्ष लिटरहून जास्त पाणी ओढतो, वहिनी. तुम्ही झाडाला ताण देता तो मोजून देता, आणि वेळेवर तोडता. त्या रांगेतल्या बाईला कोणी तारीख सांगितलेली नसते.

यावर वहिनी काही वेळ बोलल्या नाहीत. खरं सांगायचं तर भाऊजींच्या या बोलण्याला उत्तर नाही, आणि त्यांनाही ते ठाऊक आहे. पण वादात नुसतं खरं असून भागत नाही, नेम कोणावर धरला आहे तेही बघावं लागतं. वहिनींनी तिथेच पकडलं.

वहिनी : तुमचं म्हणणं मी खोटं म्हणत नाही. पण ते माझ्या बादलीपाशी येऊन का थांबतं? तुमच्याच खात्याचा हिशेब ना, माणशी १३५ लिटर? आम्ही घरात दोघं. दोनशे सत्तर लिटर झाले. त्यातले तीस लिटर झाडांना जातात, आणि तेही बहुतेक एकदा वापरलेले. तांदूळ-डाळ धुतलेलं पाणी अबोलीला, भाजी धुतलेलं जास्वंदीला. दुसऱ्या मजल्यावर तो पाण्याचा फिल्टर आहे, एक लिटर प्यायला दोन-तीन लिटर मोरीत सोडणारा. मुंबईचं पाणी मुळात मऊ, त्याला तसला फिल्टर कशाला लागतो ते त्यांनाच माहीत. त्याची नळी मी कळशीत सोडायला लावली. आणि समोरच्या टॉवरमध्ये रोज सकाळी पाइप लावून गाड्या धुतात, ती नोटीस कुठल्या बोर्डावर लागते?

भाऊजी : तो टॉवर माझ्या हद्दीत नाही.

वहिनी : मोगरा आहे, म्हणून मोगऱ्यावर नोटीस.

भाऊजी : गाड्यांचं मी कालच्या पत्रात लिहिलं आहे. आणि गळतीचं म्हणाल तर आयुष्य त्यातच गेलं. जमिनीखालची गळती शोधायला रात्री दोन वाजता रस्त्यावर कान लावून बसलेला माणूस आहे मी. पण गळती आहे म्हणून बादली माफ, असा नियम नाही.

वहिनी : माफी कोणी मागितली? २०२४ साली ३० मेपासून पाच टक्के आणि ५ जूनपासून दहा टक्के कपात झाली, तेव्हा मी काय केलं आठवतं? माझ्याकडे यादी असते, कोणाचं पाणी आधी तोडायचं त्याची. सगळ्यात आधी पांढरा चाफा. त्याच्या त्या जाड, बोथट फांद्यांत पाणी साठलेलंच असतं. तो मेक्सिकोकडचा, पानं टाकून उघड्या फांदीवर फुलतो. मग बोगनवेल, कोरांटी, सदाफुली. सदाफुली तर पायरीच्या फटीत उगवते, तिला कोण पाणी देतं? मग जास्वंद. ऑफिस टाइमची कुंडी आठवड्यातून दोनदा. शेवटपर्यंत पाणी द्यायचं ते मोगरा, अबोली आणि अनंताला, कारण कळ्या धरल्यावर मोगऱ्याचं पाणी चुकलं तर कळ्या बारीक राहतात आणि अनंत तर कळीच टाकतो. ताण कळीच्या आधी असतो, कळीनंतर नाही. तुमच्या डाळिंबाला फळ धरल्यावर पाणी तोडाल का?

भाऊजी : नाही. फळ तडकतं.

वहिनी : मग.

अनंताचा विषय निघाला की मला बोअरची गोष्ट सांगावीशी वाटते. पिण्याच्या पाण्याचा उपसा कमी व्हावा म्हणून भाऊजींच्या आग्रहानं सोसायटीनं बोअर मारली आणि ते पाणी बागेला आणि फ्लशला द्यायचं ठरलं. कागदावर अगदी चोख. पण आमच्या पूर्वेला मिठागरं, त्यापलीकडे ठाण्याची खाडी. बोअरला लागलं ते मचूळ पाणी. चाफ्यानं, बोगनवेलीनं ते मुकाट घेतलं. अनंताची पानं पंधरा-वीस दिवसांत बदलली : शिरा हिरव्या, शिरांमधलं पान पिवळं, कडा करपलेल्या. वहिनींनी ते पान भाऊजींच्या हातात आणून ठेवलं होतं.

वहिनी : अनंताच्या मुळांना आंबट माती लागते. क्षार वाढले की मातीत लोह असून त्याला उचलता येत नाही. तुमच्या बोअरनं पाणी वाचलं, झाड नाही.

भाऊजी : आणि तुम्ही त्यावर जो तोडगा काढलात, तो माझ्याच तक्रारवहीतला. तिसऱ्या मजल्याच्या एसीचं पाणी खालच्यांच्या कपड्यांवर ठिबकतं म्हणून दोन वर्षं भांडण चाललं होतं.

वहिनी : आणि मी त्या नळीखाली पिंप ठेवलं. मुंबईच्या दमट हवेत एसी तासाला लिटरभर पाणी सहज टाकतो, आणि त्यात क्षार नाहीत, नुसतं हवेतलं पाणी. अनंत त्यावर जगला. या मेमध्ये त्याला फुलं आली, तर पहिलं तिसऱ्या मजल्यावर नेऊन देणार आहे.

भाऊजी : पिंपाला झाकण ठेवा म्हणजे झालं. गेल्या वर्षी कीटकनाशक विभागाची माणसं आली होती, तेव्हा कुंड्यांखालच्या चार ताटल्यांत अळ्या सापडल्या.

वहिनी : माझ्या एकाही ताटलीत नाही. दुसऱ्या मजल्यावरच्या त्या मनी प्लांटच्या बाटल्यांत.

भाऊजी : कुठेही असोत. डेंग्यूचा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यातच अंडी घालतो आणि आठवडाभरात अळीचा डास होतो. ताटली वाळली तरी कडेला चिकटलेली अंडी महिनोन्महिने टिकतात, पुन्हा पाणी पडलं की सुरू. म्हणून नुसतं ओतून चालत नाही, घासावी लागते. कोरड्या महिन्यांत सोसायटीत साठलेलं पाणी असायचं एकच कारण, तुमच्यासारख्यांची फुलं.

वहिनी : ताटल्या मी काढूनच टाकल्या. खाली दोन विटा ठेवल्या. कुंडीतून पाणी खाली यायला लागलं तर ते जास्त झालं, एवढं कळायला ताटली लागत नाही.

इतकं होईपर्यंत दोघंही बरोबरीत असतात. बाजी फिरते ती भाऊजींच्या मुलीच्या बाल्कनीपाशी. ती अंधेरीला चौदाव्या मजल्यावर राहते. पश्चिमेची बाल्कनी, दहा इंची काळ्या प्लास्टिकच्या कुंड्या, नर्सरीतून आणलेली रोपं. वडिलांकडून वहिनींच्या ताणाची कीर्ती ऐकून तिनं मार्चच्या मध्यावर मोगऱ्याचं पाणी तोडलं. आठव्या दिवशी झाड वाळून खडंग.

भाऊजी : तुमचं शास्त्र चौदाव्या मजल्यावर चालत नाही, वहिनी.

वहिनी : मार्चमध्ये कोणी ताण देतं का? ताण थंडीतला. मार्चमध्ये पूर्वेचा कोरडा वारा सुटतो, समुद्रावरचा वारा यायला दुपार उलटते, सांताक्रूझचा पारा चाळिशीला टेकतो. १९५६ साली २८ मार्चला तो ४१.७ला गेला होता. त्यात काळी कुंडी! दुपारी तीनला तिच्यात हात घालून बघा, माती भाजते. जमिनीतल्या झाडाला पाणी तोडलं तरी मूळ खाली जातं, ओल शोधतं. कुंडीतल्या मुळानं जायचं कुठे? खाली प्लास्टिक. जमिनीत तीन आठवड्यांचा ताण असतो, तो कुंडीत चार-पाच दिवसांचा. तोही जानेवारीत, पान जरा मलूल दिसेपर्यंतच.

भाऊजी : मग तिनं करायचं काय? ती बिचारी दोन वेळा पाणी घालते, तरी दुपारी माना टाकलेल्या.

वहिनी : कुंड्या बदलायच्या, मातीच्या घ्यायच्या. मातीची कुंडी पाझरते आणि गार राहते. वरून आच्छादन घालायचं. खाली रसवंतीवाला संध्याकाळी उसाची चिपाडं टाकून देतो, ती सांगा आणायला. वांद्र्याच्या डॉ. आर. टी. दोशींनी गच्चीवर नुसत्या चिपाडांत भाजी-फळं पिकवून दाखवली होती. कोल्हापूरचे श्रीपाद दाभोळकर ‘प्रयोग परिवार’मधून आयुष्यभर पालापाचोळाच सांगत आले. चिपाडं भिजली की ओल धरून ठेवतात, आणि माती नसल्यानं वजनही कमी, बाल्कनीला बरं. आणि झाडं निवडायची ती पश्चिमेच्या उन्हाची. अडेनियम लाव म्हणावं. बोगनवेल लाव. तिला तिथे अबोली का हवी?

भाऊजी : आजीची आठवण म्हणून.

वहिनी : मग अबोली बाथरूमच्या खिडकीत ठेव म्हणावं, सकाळच्या उन्हात.

चौदाव्या मजल्याच्या बाबतीत माझं मत भाऊजींच्या बाजूचं आहे. उपनगरात आता बहुतेकांची बाग म्हणजे तीच चार फुटांची बाल्कनी. तिथे कोरड्या हवेशी जुळवून घ्यायला मूळ खाली जाऊ शकत नाही, म्हणून माणसालाच पाणी घेऊन दोनदा जावं लागतं. कमी पाण्यावर फुलणारी बाग ही शेवटी जमीन असलेल्यांची चैन आहे. हे मी एकदा खिडकीतून वहिनींना म्हणालो. त्यांनी मान वर करून मला एवढंच विचारलं, ‘तुमच्याकडे एक तरी कुंडी आहे का?’ नाही. मी चहा प्यायलो.

भाऊजींचा आणखी एक अपराध नोंदवायला हवा. गेटपाशी त्यांनी पांढरा झगझगीत एलईडी दिवा लावला, सुरक्षेसाठी. त्याच्या खाली वहिनींच्या शेवंतीच्या दोन कुंड्या होत्या. शेवंती रात्र मोठी झाल्याचं ओळखून कळ्या धरते, म्हणून ती मार्गशीर्षातल्या गुरुवारांना बाजारात हटकून मिळते. दिव्याखालच्या कुंड्यांना रात्र झालीच नाही. त्या संक्रांतीपर्यंत नुसत्या पानांवर राहिल्या, आणि भिंतीआड अंधारात ठेवलेली तिसरी पिवळ्या फुलांनी वाकली. पाणी, खत, माती तिघींची एकच. भाऊजींनी तेव्हापासून दिव्याला टोपी बसवली आहे. उपनगरातल्या फुलांना पाण्याच्या टंचाईइतकाच उजेडाचा सुकाळही नडतो, हे मला त्या टोपीमुळे कळलं.

भाऊजी : बरं, ती कोपऱ्यातली कुंडी. गेले कित्येक महिने तिच्यात काहीच नाही. झाड मेलेलं दिसतंय. मी परवा तांब्याभर पाणी घातलं.

वहिनी : अहो, कोणी सांगितलं तुम्हाला? ते मे फ्लॉवर आहे! खाली कांदा आहे, झोपलेला. झोपेत त्याला पाणी घातलं तर सडतो. त्याला मेमध्ये आपोआप जाग येते, आधी दांडा, त्यावर लाल चेंडू, पानं त्याच्या मागून. पाणी वाचवा म्हणून वर्षभर माझ्या मागे लागता, आणि ज्याला नको त्यालाच पाजता!

भाऊजी : कोरडी कुंडी बघवली नाही मला.

सांगोल्याच्या माणसानं हे कबूल करणं म्हणजे मोठीच गोष्ट होती. वहिनींनी ती कुंडी कलती केली, बोट खुपसून माती पाहिली, आणि भिंतीलगत उन्हात सरकवली. मग भाऊजींनी खिशातून घडी केलेला कागद काढला. तो मुख्य विषय होता. फुलांचं बोलणं हे बहुधा त्याच्यासाठीच लांबवलेलं होतं.

भाऊजी : पुढच्या रविवारी विशेष सभा आहे, पुनर्विकासाची. बिल्डरनं नकाशा पाठवला आहे. खाली पार्किंगचे दोन मजले, त्यावर पोडियम, पोडियमवर बाग. तयार लॉन, ठिबक सिंचन, प्रक्रिया केलेलं सांडपाणी बागेला. तुमच्या सगळ्या अटी बसतात, वहिनी. पिण्याच्या पाण्याचा थेंब लागणार नाही.

वहिनी : आणि सोनचाफा?

सोनचाफा मागच्या कोपऱ्यात आहे. वहिनींनी वसईहून कलम आणून लावला होता, आता दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीला लागतो. एप्रिलमध्ये सकाळी जिना उतरताना पहिल्या वळणावरच त्याचा वास येतो, आणि खालच्या स्कूटरवर पिवळ्या पाकळ्या पडलेल्या असतात. त्याला कोणी पाणी घालताना मी पाहिलेलं नाही.

भाऊजी : १९७५च्या वृक्ष कायद्याखाली परवानगीशिवाय त्याला हात लावता येत नाही. अर्ज करावा लागतो वृक्ष प्राधिकरणाकडे. एक तर पुनर्रोपण, नाहीतर बदल्यात दुसरी झाडं.

वहिनी : एवढं झाड उपटून लावलेलं किती जगतं ते तुम्ही मला सांगू नका. आणि पोडियमवर माती किती?

भाऊजी : नकाशात दीड फूट आहे.

वहिनी : दीड फुटात लॉन येईल. लॉनला रोज पाणी लागतं, फूल एक येत नाही, आणि मार्चमध्ये मूळ जिथे जायला हवं तिथे खाली गाड्या. चार फूट माती द्या. मोगऱ्याला ताण देता आला पाहिजे, चाफ्याला उभं राहता आलं पाहिजे.

भाऊजी : ओली माती घनमीटरला पावणेदोन-दोन टन भरते. चार फूट माती म्हणजे चौरस मीटरला दोन टनांच्या वर. सगळ्या स्लॅबचं डिझाइन बदलेल. बिल्डर ऐकेल?

वहिनी : सगळ्या पोडियमला कोण मागतंय? पूर्वेच्या कडेला दहा फुटांची एक पट्टी. खाली पार्किंग नको तिथे, खरी जमीन सोडा. सोनचाफा तिथेच आहे, त्याला हलवावंच लागणार नाही.

भाऊजी : चार गाड्यांची जागा जाईल.

वहिनी : जाऊ दे. तेवढ्या गाड्या धुवायचं पाणी वाचेल.

भाऊजी : बरं. आयत्या वेळच्या विषयांत घेतो.

वहिनी : आयत्या वेळच्या नाही. आयत्या वेळेला सगळे उठून घरी जातात. विषय क्रमांक दोन करा, आणि आत्ता माझ्यासमोर लिहा.